आकडा आधी, यादी नंतर

चि. मुलास,
अनेक आशीर्वाद.

नाताळच्या भेटींसाठी यंदा किती रक्कम काढावी, असे तू विचारले आहेस. नेमका आकडा मी सांगणार नाही, कारण तुमची मिळकत, कर्जाचे हप्ते आणि मुलांच्या शिक्षणाचा खर्च तुम्हा दोघांनाच ठाऊक. तो आकडा केव्हा ठरवावा, हे मात्र सांगतो: मुलांची यादी हातात पडण्यापूर्वी. यादी एकदा वाचली की आपण रक्कम ठरवत नाही, नुसती वस्तूंच्या किमतींची बेरीज करत बसतो, आणि मग त्यातले काही गाळायचे म्हटले की मुलांच्या तोंडचा घास काढून घेतल्यासारखे वाटते. तेव्हा याद्या लिहायला सांगण्याआधी तुम्ही दोघे एकदा निवांत बसा, नेहमीचे खर्च आणि दरमहाची बचत वजा करा व जे उरेल त्यातूनच ही रक्कम काढा. बचतीला हात लावावा लागत असेल, तर रक्कम जास्त झाली असे खुशाल समजावे.

नाताळचा खर्च अचानक उपटतो असे तू म्हणालास, ते मला पटले नाही. आजारपण अचानक येते. 25 डिसेंबर दर वर्षी त्याच दिवशी येतो. अमेरिकेतील कार्लाइल या गावच्या एका बँकेने 1909 साली केवळ याच खर्चासाठी वेगळे खाते सुरू केले होते. लोकांनी वर्षभर थोडे थोडे पैसे भरायचे आणि सणाच्या तोंडावर ते एकरकमी काढायचे, एवढीच ती योजना होती. पुढे अनेक बँकांनी ती उचलली. तुला खास खाते उघडण्याची गरज नाही, पण येत्या जानेवारीपासून नोव्हेंबरपर्यंत ठरलेल्या रकमेचा अकरावा हिस्सा दरमहा वेगळा टाकलास, तर डिसेंबरच्या पगारावर हा भार पडणार नाही.

यंदा तेवढा अवधी नाही, म्हणून क्रेडिट कार्डाचा मोह होईल. तिथे एक हिशेब डोळ्यांसमोर असू दे. भेटींची उधारी 100 धरू, व्याज दरमहा 3 टक्के आणि तू दरमहा 5 भरतोस. ही उधारी फिटायला 31 महिने लागतात आणि 100 च्या खरेदीपोटी सुमारे 155 मोजावे लागतात. मधल्या काळात आणखी दोन नाताळ येऊन जातात, त्यांची उधारी पुन्हा वेगळी. हौसेला मोल नसते हे मलाही मान्य आहे, पण बिलाला असते. पुढच्या बिलात पूर्ण रक्कम भरता येत असेल, तरच कार्ड वापर.

आता मुलांमध्ये वाटणी कशी करायची, याविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण खरी अडचण तिथेच आहे. तुमची धाकटी साडेतीन वर्षांची आणि थोरला अकरा वर्षांचा. दोघांची न्यायाची कल्पना एक नाही. झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. लहान मुलासमोर सारख्याच सोंगट्यांच्या दोन ओळी मांडायच्या आणि त्याच्या देखत एका ओळीतील सोंगट्या दूर दूर सरकवून ती लांब करायची. सहा-सात वर्षांखालील बहुतेक मुले सांगतात की लांब ओळीत सोंगट्या जास्त आहेत. म्हणजे या वयात डोळ्यांना जे मोठे दिसते तेच जास्त. तुमची धाकटी भेटवस्तूची किंमत पाहणार नाही. आपल्यासमोर किती पुडकी आहेत आणि दादासमोर किती, एवढेच ती पाहणार. थोरल्याला मात्र किमती तोंडपाठ असतात, आणि बहिणीवर किती खर्च झाला व आपल्यावर किती, हे तो मनातल्या मनात बरोबर ताडतो. म्हणून दोघांवर सारखीच रक्कम खर्च करण्याचा हट्ट धरू नकोस. पुडक्यांची संख्या सारखी ठेव, आणि रकमेतला फरक थोरल्याला सरळ सांग की तुझ्या वयाच्या वस्तू महाग असतात, म्हणून तुझ्या वाट्याला अधिक आले आहे.

धाकटीसाठी संख्याही फार वाढवू नये. टोलेडो विद्यापीठातील संशोधकांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना एकदा 4 आणि एकदा 16 खेळणी देऊन पाहिली होती. खेळणी चारच असताना मुले एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. तुमची मुलगी त्याहून थोडी मोठी आहे, पण वाढदिवसाला तिसरे पुडके उघडल्यावर पहिली वस्तू सोफ्याखाली गेलेली तूही पाहिली आहेस. रंगखडू आणि चित्रवही यांची दोन वेगळी पुडकी बांधली, तरी तिची मोजणी खूश होते आणि खर्चही वाढत नाही.

थोरल्याने गेमिंग कन्सोल मागितला आहे, असे सूनबाईंकडून कळले. त्याची किंमत पाहताना खोक्यावरच्या आकड्यावर थांबू नकोस. खेळ वेगळे विकत घ्यावे लागतात, दोघांनी खेळायचे तर दुसरा कंट्रोलर लागतो, मित्रांशी ऑनलाइन खेळायचे तर बहुतेक ठिकाणी दरमहा किंवा वार्षिक वर्गणी भरावी लागते, आणि काही खेळांत आतल्या आत खरेदी चालते. पहिल्या वर्षाचा हा सगळा खर्च एका कागदावर मांड आणि तो कागद त्याच्यासमोर ठेव. अकरा वर्षांच्या मुलाला बेरीज येते. त्याला म्हणावे, तुझ्या वाट्याला एवढी रक्कम आहे. त्यात कन्सोल बसत नाही, पण सायकल बसते आणि वर दोन पुस्तकेही येतात, तूच ठरव. तो रुसेल, हे गृहीत धर. पण नुसता नकार ऐकण्यापेक्षा निवड करणे त्याला बरे वाटेल, असा माझा अंदाज आहे.

सांताक्लॉजच्या नावाने जे ठेवायचे ते लहानच असावे, आणि मोठी वस्तू आई-बाबांच्या नावाने द्यावी. धाकटी शाळेत जाऊन सांताने काय आणले ते सांगणारच, आणि ज्या मुलाच्या घरी हात आखडता आहे, त्याला सांताने आपल्याला कमी का दिले याचे उत्तर कोणी देऊ शकत नाही. शिवाय सांताला खर्चाची मर्यादा नसते, अशी मुलांची समजूत असते. आई-बाबांना ती असते, हे त्यांना समजते.

रक्कम ठरवताना तिचा दहावा भाग आधीच वेगळा काढ. वेष्टनाचा कागद, बॅटऱ्या, घरपोच पाठवण्याचे शुल्क, ऐन वेळी आठवलेला मुलांचा एखादा मित्र, हे सगळे त्यातून भागवायचे. या किरकोळ गोष्टी कोणी लिहून ठेवत नाही आणि हिशेब नेमका तिथेच फुटतो. वहीत चार रकाने पुरेत: कोणासाठी, काय, ठरवलेले, झालेले. खरेदी झाली की त्याच दिवशी आकडा लिही, आणि सवलत पाहून यादीबाहेरची वस्तू घ्यावीशी वाटली तर आधी कोणते नाव खोडायचे ते ठरव. फार लवकर खरेदी करण्यातही धोका आहे, कारण मुलांची आवड बदलते आणि तोवर वस्तू परत करण्याची मुदत संपलेली असते.

राहिलो आम्ही आजी-आजोबा, आत्या आणि मामा. जोएल वॉल्डफोगेल या अर्थशास्त्रज्ञाने 1993 साली विद्यार्थ्यांना विचारून पाहिले होते की मिळालेल्या भेटीसाठी तुम्ही स्वतः किती पैसे मोजले असते. त्याच्या अंदाजानुसार देणाऱ्याने घातलेल्या पैशांपैकी दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंतचे मोल घेणाऱ्याच्या दृष्टीने वायाच जात होते, आणि आई-वडिलांखेरीज इतर नातलगांनी दिलेल्या वस्तू त्यात सर्वांत मागे होत्या. तुझ्या आईला हे वाचून दाखवले. तिने मान्य केले नाही. तरी यंदा आम्ही मनाने काही आणणार नाही. आत्या आणि मामांनाही तूच मोकळेपणी सांग की सुट्या चार वस्तूंऐवजी एका मोठ्या भेटीत हातभार लावावा, आणि जे येईल ते तुमच्या रकमेतून वजा कर. तसे केले नाही, तर तुमची रक्कम जपूनही घरात वस्तूंचा ढीग होईलच.

थोरल्याने सायकल निवडली, तर आमचा हिस्सा तिच्यात धर. फक्त कपड्यांसारखी वाढत्या अंगाची सायकल घेऊ नकोस. पाय जमिनीला नीट टेकले नाहीत तर ती धोक्याची होते. त्याची उंची आणि पायाची आतल्या बाजूची लांबी मोजून कळव, आणि हेल्मेटसाठी डोक्याचा घेरही. हेल्मेट धरूनच मी रक्कम पाठवीन.

तुझे
बाबा