केंद्रामागे पाच माणसे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निकाल लागला की आपल्याकडे एक वाक्य ठरलेले असते : 'लोकांनी पैसे घेतले आणि मते दिली.' हरलेल्या पक्षाच्या कार्यालयात तेच ऐकू येते आणि कॉलेज रोडच्या कट्ट्यावरही तेच. यात मतदाराचा अपमान तर आहेच. शिवाय अटीतटीच्या लढतीत खैरातीची भाषा करणारे नेते पुन्हा पुन्हा बाजी का मारतात, हे त्यातून मुळीच कळत नाही. म्हणून हे पत्र.

आधी बूथचे गणित मांडून पाहावे. विधानसभेच्या मतदारसंघात ढोबळमानाने तीनशे मतदान केंद्रे धरू. निकाल तीन हजार मतांनी लागला, तर केंद्रामागे फरक पडला दहा मतांचा. एक मत इकडून तिकडे गेले की एकाचे कमी होते आणि दुसऱ्याचे वाढते, त्यामुळे फरक दोनाने हलतो. म्हणजे केंद्रामागे पाच माणसे फिरली की बरोबरी, सहावे फिरले की निकाल उलटा. आपल्याच जिल्ह्यात मालेगाव मध्यचा निकाल २०२४ मध्ये १६२ मतांनी लागला. धुळे लोकसभेत मालेगावचे दोन्ही मतदारसंघ आणि बागलाण येतात. तिथे सहा विधानसभा क्षेत्रांत मिळून फरक होता ३,८३१ मतांचा. पक्ष, जात, नातेगोते, उमेदवाराचे काम यांवर बहुतेकांचे मत आधीच ठरलेले असते. सगळी धडपड असते ती या पाच-सहा जणांसाठी. (हे पाच जण चिन्हाच्या गोंधळानेही फिरतात. शरद पवार गटाचे चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस' असताना दिंडोरीत नुसती 'तुतारी' घेऊन उभ्या राहिलेल्या अपक्षाला लाखाच्या वर मते पडली, ती २०२४ च्याच लोकसभेला.)

हे पाच जण कोण? ज्याच्या घरी कोणी कार्यकर्ता नाही, जो सभेला जात नाही, ज्याचे मतदानाला जायचे की नाही हेच शेवटच्या दिवसापर्यंत ठरलेले नसते. त्याला 'विकास' म्हणून काही सांगितले तर ते हाताला लागत नाही. रक्कम किती, तारीख कोणती आणि कोणाच्या खात्यात, ही तीन उत्तरे ज्या आश्वासनात आहेत ते त्याच्या लक्षात राहते. त्यातही पहिला हप्ता मतदानाआधी पडला असेल, तर ते आश्वासन उरतच नाही, अनुभव होतो.

नाशिक जिल्ह्याने ही गोष्ट एकाच वर्षात दोन्ही बाजूंनी पाहिली. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. शहरातल्या ग्राहकाला कांदा स्वस्त मिळावा म्हणून उचललेले ते पाऊल होते, म्हणजे तोही लोकानुनयच. फक्त त्याचा खर्च लासलगाव-पिंपळगावच्या बाजारात शेतकऱ्याला मिळणाऱ्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून, वसूल झाला. खरीप-रांगड्याचा (उशिरा खरिपाचा) लाल कांदा साठवणुकीच्या कांदाचाळीत टिकत नाही. भाव पडला तरी काढला की विकावाच लागतो. बंदी उठली ४ मे २०२४ रोजी, नाशिक-दिंडोरीच्या मतदानाच्या सोळा दिवस आधी. तोवर लाल कांदा विकून झाला होता. वर अट अशी की टनाला किमान ५५० डॉलर निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क. म्हणजे २२० डॉलर धरून माल ७७० डॉलरला जाणार, किलोला साधारण ६४ रुपये. या दराने बाहेरच्या बाजारात आपला कांदा टिकणे अवघडच होते. तोटा आधी झाला, दिलासा मागून आला आणि तोही अटींसकट. सत्ताधारी दोन्ही जागा हरले.

त्याच वर्षी २८ जूनला राज्याच्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना जाहीर झाली. रक्षाबंधनाआधी दोन हप्त्यांचे तीन हजार खात्यात पडले. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे हप्ते १५ ऑक्टोबरला आचारसंहिता लागण्याआधीच पडले. २० नोव्हेंबरला मतदान होईपर्यंत एका बाईच्या खात्यात ७,५०० रुपये आलेले होते. लोकसभेला राज्यात दोन्ही आघाड्यांच्या मतांत एक टक्क्याचाही फरक नव्हता. विधानसभेला महायुतीच्या तीन पक्षांनी २८८ पैकी २३० जागा घेतल्या. सगळे श्रेय या एका योजनेला देणे चूक ठरेल. जागावाटप, बंडखोरी, कांद्याचे सुधारलेले भाव हेही होते. पण पाच माणसांचा विचार करताना ही योजना बाजूला ठेवता येत नाही.

आता हिशेब जरा जवळून पाहू. वीस क्विंटलचा एक ट्रॅक्टर बाजार समितीत गेला आणि क्विंटलमागे हजार रुपये कमी मिळाले, तर घरातून वीस हजार गेले. लाडकी बहीण वर्षाला अठरा हजार देते. म्हणजे सरकारच्या एका निर्णयाने एका ट्रॅक्टरवर जेवढे गेले, तेवढेसुद्धा दुसऱ्या निर्णयाने वर्षभरात परत येत नाही. तरीही दुसरा निर्णय मते का देतो? पट्टी नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर फाडली जाते. सोसायटीच्या पीककर्जाचे हप्ते, खत-औषधाची उधारी त्यातून वळती होते. त्या पैशाचे काय झाले हे बाईला पुष्कळदा कळतही नाही. दीड हजार मात्र तिच्या नावावर येतात, तिच्या मोबाइलवर संदेश येतो, मुलाच्या फीला किंवा औषधाला कोणाला न विचारता काढता येतात. द्राक्षबागेत रोज तीनशे-चारशे रुपये मजुरीवर जाणाऱ्या बाईला ती चार-पाच दिवसांची मजुरी असते. तिने त्याला किंमत दिली यात लाच घेतल्यासारखे काहीही नाही. तिला आजवर थेट देणारे दुसरे कोणी भेटलेच नव्हते.

विरोधकांनी इथे दोन चुका केल्या. आधी तिजोरीला परवडणार नाही म्हणाले आणि मग स्वतःच तीन हजारांचे आश्वासन दिले. ज्याचे दीड हजार आधीच खात्यात आहेत त्याच्यापुढे ज्याचे तीन हजार कागदावर आहेत तो कसा टिकणार? चुकीचा आकडा खोडतानाही असेच फसायला होते. युरोपीय संघ सोडायचा का, यावर ब्रिटनमध्ये २०१६ मध्ये सार्वमत झाले. त्यात संघाला 'आठवड्याला ३५ कोटी पौंड' जातात, हा आकडा बसवर रंगवून फिरवला गेला. ती ढोबळ रक्कम होती, परत मिळणारा भाग त्यात वजा केलेला नव्हता. संघ सोडायला विरोध करणारे तो आकडा रोज खोडत राहिले आणि त्यामुळे तो रोज लोकांच्या कानावर पडत राहिला. निकाल ५२ विरुद्ध ४८ टक्के, संघ सोडण्याच्या बाजूने लागला.

याचा खर्च मात्र कोणा एकाच्या नावावर लागत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. लाभ एका खात्यात, एका तारखेला दिसतो. तोटा वर्षभर, सगळ्यांच्या वाट्याला थोडा थोडा येतो. सामाजिक न्याय विभागाचा निधी या योजनेकडे वळवल्याची तक्रार २०२५ मध्ये त्या खात्याच्या मंत्र्यांनीच केली. आदिवासी विकासाच्या निधीबाबतही तेच बोलले गेले. सुरगाणा-पेठच्या आश्रमशाळेत मूल असलेल्या पालकाला आपल्या मुलाच्या वाट्याचे काही गेले का, हे कळायला मार्गच नाही. २००४ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर कृषिपंपांना मोफत वीज जाहीर झाली आणि सरकार परत आल्यावर वर्षभरात ती सवलत बंद झाली. ज्यांनी त्यावर विश्वास ठेवला त्यांना पाच वर्षे विचारायला जागा नव्हती.

कायद्याचा आधारही तोकडा आहे. जाहीरनाम्यातली आश्वासने लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली भ्रष्ट आचरण ठरत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०१३ रोजी सांगितले. त्यानंतर आश्वासनामागचा तर्क आणि पैसा उभा करण्याचा मार्ग सांगावा, असे कलम निवडणूक आयोगाने आचारसंहितेत घातले. पण ते न पाळणाऱ्याला शिक्षा नाही, आणि आचारसंहिता लागण्याआधी वाटलेल्या पैशाला ती लागूच होत नाही.

म्हणून आपल्या वृत्तपत्राला कळकळीची विनंती आहे. येत्या निवडणुकीत प्रत्येक जाहीरनाम्याशेजारी गुणाकार छापावा. लाभार्थी सव्वादोन कोटी धरले, तर महिना १,५०० रुपयांना वर्षाला ४०,५०० कोटी लागतात, महायुतीने विधानसभेच्या प्रचारात कबूल केलेल्या २,१०० ला ५६,७०० कोटी आणि ३,००० ला ८१,००० कोटी. राज्याने २०२५-२६ साठी या योजनेला ३६,००० कोटी ठेवले होते. हे चार आकडे एका ओळीत आले तरी २,१०० का मिळाले नाहीत ते वाचकाला समजेल. त्याखाली प्रत्येक उमेदवाराचे दोन प्रश्नांना दिलेले उत्तर असावे : हा पैसा कोणत्या खात्यातून काढणार, आणि पहिला हप्ता कोणत्या महिन्यात देणार. उत्तर आले नाही तर रकाना कोरा छापावा. मतदानाच्या आदल्या दिवशी छापून उपयोग नाही, निदान दहा दिवस आधी हवे. म्हणजे उमेदवार दारात येईल तेव्हा ते कात्रण घरात असेल.

आपला,
एक वाचक, पंचवटी, नाशिक