जुना संगणक, हलकं टपाल

संपादक महोदय,
स.न.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेब बघतो. आमच्या संगणकाची रॅम २ जीबी. ब्राउझरमध्ये मेल उघडायचा म्हटलं की चहा पिऊन यावं, तरी चक्र फिरतंच! दुरुस्तीवाला म्हणाला, "काका, नवीनच घ्या." फुकटचा सल्ला म्हणतात तो हाच.

शेवटी भाच्याने त्यावर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी प्रणाली) टाकून क्लॉज मेल हा ब्राउझरशिवाय मेल बघायचा हलका प्रोग्राम बसवून दिला. आता मेल चटकन उघडतो.

अडलो ते त्यात जीमेलचं खातं जोडताना. जीमेलचा नेहमीचा पासवर्ड तिथे चालेना. आधी गूगल खात्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतरची दुसरी खातरजमा) सुरू करायचं, मग गूगल १६ अक्षरी वेगळा ॲप पासवर्ड देतं, तो टाकायचा. सेटिंगमध्ये पोर्ट म्हणून जो आकडा भरायचा, तो येणाऱ्या मेलसाठी ९९३, जाणाऱ्यासाठी ४६५. आणि मेल आणायच्या दोन पद्धतींपैकी पॉप नव्हे, आयमॅप निवडा; त्यात मेल सर्व्हरवरच राहतो. पॉपने मेल संगणकावर उतरतो आणि सर्व्हरवरून पुसलाही जाऊ शकतो. मी आधी तेच केलं होतं. मालकांना मोबाइलवर ऑर्डरी दिसेनात, तेव्हा जे बोलणं खाल्लं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

एक उणीव आहे. क्लॉजमधून फक्त साधा मजकूर जातो, रंगीत सही वगैरे नाही. आमच्या व्यापाऱ्यांना भाव कळला की झालं, रंग टॉवेलचे बघतात ते.

आपल्या पुरवणीत मोबाइलची परीक्षणं भरपूर येतात. अशा हलक्या प्रोग्रामांनाही कधी जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक हिशेबनीस, सोलापूर