‘तीन महिन्यांच्या साखरे’सोबत हिमोग्लोबिनही पाहा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

मधुमेही रुग्णांवर उपचार करणारा एक डॉक्टर म्हणून हे पत्र लिहीत आहे. एचबीए१सी, म्हणजे रुग्णांच्या बोलीतली ‘तीन महिन्यांची साखर’, या चाचणीवर आज आमची मोठी भिस्त आहे. उपाशी राहावे लागत नाही, एकदा रक्त दिले की झाले. चाचणी हवीच. पण अंगात रक्त कमी असेल तर तिचा आकडा फसवतो, आणि अहवाल वाचून ते कळायला मार्ग नसतो.

तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली, एवढेच ही चाचणी मोजते. पेशी साधारण १२० दिवस जगते हे त्यात गृहीत असते. लोह, बी१२ किंवा फोलेटची कमतरता असली की नव्या पेशी कमी बनतात, रक्तात जुन्याच जास्त उरतात आणि साखर तेवढीच असूनही आकडा चढतो. अशा बाईला मधुमेह नसताना मधुमेही ठरवले जाऊ शकते. जिला आहे तिचा डोस वाढतो आणि साखर एकदम उतरून ती चक्कर येऊन पडते.

उलट प्रकाराची मला जास्त भीती वाटते. पेशी लवकर फुटत असतील, रक्तस्राव झाला असेल किंवा नुकतेच रक्त चढवले असेल, तर आकडा खोटाच कमी येतो. रुग्ण निर्धास्त राहतो आणि तिकडे डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे खराब होत जातात. सिकलसेलच्या रुग्णांत तर या आकड्यावर विसंबूच नये.

मधुमेह आणि रक्तक्षय, म्हणजे अंगात रक्त कमी असणे, हे दोन आजार एकत्र येणे मुळीच दुर्मीळ नाही. मधुमेहाने मूत्रपिंडे थकली की रक्तक्षय होतो. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध वर्षानुवर्षे घेतल्यानेही बी१२ घटू शकते.

जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये निदानासाठी ६.५ टक्क्यांची मर्यादा मान्य केली, तीही चाचणी बिघडवणारी अशी स्थिती नसेल या अटीवर. ती अट आपल्या अहवालांवर उतरवा. एचबीए१सी सांगितली की सीबीसी, म्हणजे हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी मोजणारी चाचणी, त्याच वेळी व्हावी. दोन्ही चाचण्या रक्त गोठू न देणाऱ्या एकाच (ईडीटीए) नळीतल्या रक्तावर होतात, दुसऱ्यांदा सुई टोचावी लागत नाही. हिमोग्लोबिन स्त्रियांत १२, पुरुषांत १३ ग्रॅमच्या खाली असेल तर अहवालावर ठळक सूचना छापावी. निदान मग उपाशीपोटीच्या साखरेवर किंवा ७५ ग्रॅम ग्लुकोजच्या चाचणीवर करावे, आणि पुढच्या देखरेखीसाठी फ्रुक्टोसामाइनची, म्हणजे हिमोग्लोबिनऐवजी रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर मोजणाऱ्या चाचणीची, सोय असावी.

ग्लुकोमीटरचेही तसेच आहे. रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण (हिमॅटोक्रिट) कमी असेल तर अनेक यंत्रे साखर जास्त दाखवतात, आणि इन्सुलिनचे युनिट त्याच आकड्यावर ठरतात. यंत्र किती हिमॅटोक्रिटपर्यंत बरोबर चालते, ती मर्यादा सरकारी खरेदीच्या अटींत नोंदवणे सक्तीचे करा.

यातले बरेचसे एका परिपत्रकाने होण्यासारखे आहे. ते केव्हा काढणार, हे आपण जाहीरपणे सांगावे, ही विनंती.

आपला,
मधुमेही रुग्णांचा एक डॉक्टर