तलुश मागू नकोस

ठाणे,
पुरीमच्या सणानंतरचा रविवार

चि. छबी,

शालोम आणि अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझ्या मदतवाटपाच्या फॉर्मबद्दल बोलताना तू म्हणालीस, "आई, वाद नको, फक्त ऐकून घे." मी ऐकून घेतलं. फोन ठेवल्यावर मात्र रात्री दीडपर्यंत एकटीच बडबडत होते. शेवटी पप्पा म्हणाले, "माझ्याशी भांडण्यापेक्षा तिला लिही." म्हणून हे पत्र. व्हॉट्सॲपवर टाकलं असतं तर तू अर्धं वाचून अंगठा पाठवला असतास.

आधी कौतुक. इस्रायलमध्ये अश्दोदला आपल्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, बायकांनी तुला मंडळाची अध्यक्ष केलं, ही बातमी पप्पांनी सिनेगॉगमध्ये शनिवारी, शब्बाथला, सगळ्यांना सांगितली. काहींना दोनदा. पेसाहचं, आपल्या सुटकेच्या सणाचं, सामान गरजू घरांत पोचवायचं हे काम तू पहिल्याच वर्षी अंगावर घेतलंस, हेही मला आवडलं. मात्सा म्हणजे बिनखमिराची भाकरी, शिवाय तेल, तांदूळ, मनुका, खजूर ही सामानाची यादीही ठीक आहे. मनुका जास्त घे. वाइन परवडत नाही त्या घरी मनुका भिजवून, कुस्करून शरबत करतात, आणि गरिबातल्या गरिबालाही पेसाहच्या रात्री चार प्याले मिळालेच पाहिजेत, असं मिश्नात, आपल्या जुन्या धर्मनियमांच्या ग्रंथात, लिहून ठेवलंय. ते चार प्याले समाजाच्या पैशातून द्यावे लागले तरी चालतील, पण मिळाले पाहिजेत.

माझं अडलंय ते तुझ्या फॉर्मपाशी. नाव, घरात माणसं किती, नवरा काय करतो, भाडं किती आणि सोबत मागच्या दोन महिन्यांची तलुश. म्हणजे पगाराची चिठ्ठी. त्यावर वाटपाचे फोटो, कारण परदेशातल्या देणगीदारांना ते हवेत. "सगळं पारदर्शक हवं ना, आई," असं तू म्हणालीस. हवंच. पण कोणी पारदर्शक व्हायचं? पैसे आपल्या हातात आहेत, तेव्हा काचेच्या घरात आपण बसायचं. जिच्या घरात तेल संपलंय तिला त्या काचेत कशाला बसवतेस?

आता जे सांगते ते तुला कधी सांगितलं नव्हतं. पप्पांनासुद्धा अर्धंच माहीत आहे.

१९८६ साल. मी सव्वीस वर्षांची, नुकतीच एका महिला मंडळाची चिटणीस झालेली. कुठलं मंडळ ते विचारू नकोस, आता त्यातल्या निम्म्या बायका तुझ्याच देशात आहेत. मला चिटणीस का केलं, तर मला टाइपिंग येत होतं. वरळीच्या ओआरटी या ज्यू तंत्रशिक्षण संस्थेत शिकलेलं टाइपिंग म्हणजे त्या काळी मोठीच गोष्ट. वार्षिक सभेचा अहवाल मी तीन प्रतींत टाइप केला, पैशापैशापर्यंत हिशोब जुळवला. आदल्या वर्षी हिशोबावरून कुजबुज झाली होती, म्हणून यंदा कुणाला बोट ठेवायला जागा द्यायची नाही असं ठरवलं होतं. सभेत उभी राहून मी सगळं वाचलं. जमा वाचली, खर्च वाचला. मग 'मदत' या सदराखाली नावं वाचली. कुणाला, कशासाठी, किती. एका विधवा बाईंचं नाव आलं, "मुलीच्या लग्नाला, तीनशे रुपये."

त्या दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. मागच्या रांगेत मुलीची नवी सासू.

बाई काही बोलल्या नाहीत. उठल्या, घडीची खुर्ची मिटवून भिंतीला टेकवून ठेवली आणि गेल्या. मला तेव्हाही कळलं नाही. मी पुढचं नाव वाचत होते, छबी. टाळ्याही मिळाल्या.

पुढच्या महिन्यात त्या आल्या नाहीत. त्यानंतरही नाहीत. एलियाहू हनाबीचा, म्हणजे संदेष्टा एलियाच्या नावाचा, मलिदा झाला तेव्हा मी ताट घेऊन त्यांच्या घरी गेले. गुळातले पोहे, वर नारळ आणि फळं, सगळं नीट झाकून. त्यांनी ताट घेतलं, आत जाऊन धुऊन आणलं, रिकामं परत देऊ नये म्हणून त्यात दोन केळी ठेवली आणि माझ्या हातात दिलं. "बस" म्हणाल्या नाहीत. मी दारातच उभी होते. ती केळी मी घरी आणली आणि कितीतरी दिवस कुणाला खाऊ दिली नाहीत. शेवटी काळी पडली.

मंडळातल्या एक वयस्क बाई होत्या. मी त्यांना काकू म्हणायचे, चौथीपर्यंत शिकलेल्या, आणि मंडळ खरं चालवायच्या त्याच. त्या मला रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दोन वह्या घेऊन आल्या. एक पैशाची, एक माणसांची. पैशाची वही टेबलावर उघडी असायची, कुणीही यावं, चाळावी. माणसांची वही काकूंच्या पेटीत. ती दोघींनीच वाचायची, एकटीने कधीच नाही. एकीच्या हाती राहिली की वशिला सुरू होतो, आणि तिघींच्या हाती गेली की गावभर होते. पैशाच्या वहीत लिहायचं, "पेसाह, अकरा घरं, इतके रुपये." बस. कुठली अकरा घरं ते विचारणाऱ्याला काकू चहा पाजायच्या आणि घरी पाठवायच्या. एकदा सिनेगॉगच्या कमिटीतले एक गृहस्थ हटूनच बसले. काकूंनी त्यांना तीन कप चहा पाजला.

हे काकूंनी कुठून आणलं असेल, याचा मी पुष्कळ विचार केलाय. पुढे कुणीतरी मला सांगितलं की यरुशलेमच्या बेत हामिकदाशात, आपल्या प्राचीन मंदिरात, एक खोली होती, लिश्कत हशाईम, गुपचुपांची खोली म्हण. देणारे तिथे लपून ठेवून जायचे, आणि चांगल्या घरातले पण दिवस फिरलेले लोक तिथून लपून घेऊन जायचे. रामबाम या मध्ययुगातल्या आपल्या धर्मपंडितानेही दानाच्या आठ पायऱ्या सांगताना देणारा-घेणारा एकमेकांना ठाऊक नाहीत ती पायरी खूप वर ठेवली, आणि तिच्याही वर एकच, माणसाला कामाधंद्याला लावून त्याची गरजच संपवायची. काकूंनी रामबामचं नावही ऐकलं नसेल. पण त्यांच्या सासूबाई दारफाळणीच्या सणाच्या, म्हणजे योम किपूरच्या उपासाच्या, दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, दान द्यायच्या ते पदराखालून. तेवढं पुरलं असावं.

तू म्हणशील, आई, नावंच लिहिली नाहीत तर काम कसं व्हायचं? लिही ना. नोंदीशिवाय काम होत नाही हे मला कुणी शिकवायला नको. मुंबईत बेने इस्रायल स्त्री मंडळ १९१३ साली निघालं, म्हणजे आपल्या बायका शंभराहून जास्त वर्षं सभा, वर्गणी, इतिवृत्त करत आल्यात. त्या पिढीतल्या डॉ. जेरूशा झिराड. आडनावावरून कळलंच असेल, मूळ अलिबागजवळच्या झिराडच्या. हुजूरपागेत शिकल्या, लंडनला जाऊन १९१९ साली एम.डी. झाल्या, १९२८ ते १९४७ कामा हॉस्पिटल सांभाळलं. शहरात बाळंतिणी मरत होत्या आणि लोक नशिबाला बोल लावत होते. झिराडबाईंनी मुंबईतल्या अशा मृत्यूंची चौकशी केली, कुठली बाई कशाने गेली याचा छडा लावला आणि १९४१ साली त्याचा अहवाल निघाला. त्यात बाईबद्दल एकच प्रश्न होता, हिला वाचवता आलं असतं का? तू खरंच गरजू आहेस का, असं मेलेल्या बाईला कोण विचारणार? तुझ्या फॉर्मचा सगळा रोख मात्र तिथेच आहे.

आणि पुरावा मागण्याबद्दल आपण तरी तोंड उघडावं का? लोदच्या मावशीआजीकडे पुढच्या शब्बाथला जाशील तेव्हा तिला १९६४ चं विचार. १९६२ साली इस्रायलच्या मुख्य रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, आदेशाने आपल्या लोकांची लग्नं लावण्याआधी आईकडची चौकशी करायची ठरली. आई कोण, आजी कोण, तिची आई कोण, जमेल तितकं मागे जायचं. कोकणात तेल गाळून शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून शनवार तेली म्हणवले गेलेले आपण. आपल्याकडे पणजीच्या पणजीचा कागद कुठून येणार? आपले पूर्वज जहाज फुटून जिथे किनाऱ्याला लागले म्हणतात, त्या नवगावच्या वाळूतून? १९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसं गावोगावहून यरुशलेमला जाऊन धरणं धरून बसली. मावशी तेव्हा बावीसची, कडेवर मूल. १७ ऑगस्टला क्नेसेटने, म्हणजे तिथल्या संसदेने, सांगितलं की बेने इस्रायल हे सर्व अर्थांनी ज्यू आहेत, लग्नाच्या बाबतीतही. पुरुषांची भाषणं झाली, पेपरात त्यांचे फोटो आले. मावशीला विचारलं तर ती म्हणते, "मला काय आठवणार? मूल रडत होतं आणि चपातीला तूप नव्हतं." पण त्यानंतर ती कुठल्याही खिडकीपुढे कागद धरून उभी राहिली की तिचा हात थरथरतो. आजही. बँकेतसुद्धा.

त्या मावशीच्या वयाची एखादी बाई तुझा फॉर्म भरणार आहे.

तुझी अडचण मला कळते. मागच्या वर्षी एकीने दोन पिशव्या नेल्या आणि एक विकली, हे तू तीनदा सांगितलंस. नेली असेल. अशा दोघी-तिघी दरवर्षी असतात, आमच्याकडेही होत्या. एक तर गाडी करून यायची! काकू तिला पिशवी द्यायच्या आणि नंतर मला म्हणायच्या, "फसवणाऱ्या तीन जणींसाठी तीस जणींची झडती घ्यायची? तेवढे पैसे पाण्यात गेले समज." मला तेव्हा हे भाबडेपण वाटलं होतं. आता तीन पिशव्यांची किंमत आणि त्या मिटवलेल्या खुर्चीची किंमत मी शेजारी शेजारी ठेवून पाहते.

मग करायचं काय, ते सांगते. आवडलं तर घे.

सामान भरायला मंडळातल्या सगळ्यांना बोलव, ज्यांना गरज आहे आणि ज्यांना नाही त्यांनाही. सगळ्याजणी मिळून पिशव्या भरा, आणि निघताना प्रत्येकीने एक न्यायची. कुणी स्वतःसाठी नेईल, कुणी शेजारणीला देईल. विचारायचं नाही. पिशवी सगळ्यांची सारखी, गाठही सारखी. आमच्याकडे सुरुवातीला मदतीच्या पिशव्या निळ्या असायच्या. निळी पिशवी हातात दिसली की रस्त्यावर पोरंसुद्धा ओळखायची. ज्या म्हाताऱ्या येऊ शकत नाहीत त्यांच्याकडे तू स्वतः जा, आणि पाच मिनिटांत परतू नकोस. चहा देतील तो घे. साखर कमी असली तरी पी.

देणगीदारांना फोटो हवेत ना? पाठव. रिकाम्या पोत्यांचे पाठव, बिलांचे पाठव, तीस बायका तांदूळ मोजताहेत त्याचा पाठव, त्यात तूही हो. पैशाच्या वहीचं पान पाठव, दोन सह्यांसकट. तेवढ्यावर जो समाधानी नाही तो दान करत नाही, नाटकाचं तिकीट काढतोय. हे त्याला जसंच्या तसं लिहू नकोस, तुझी जीभ माझ्यावर गेलीय.

आणि पेसाह झाला की रामबामच्या त्या सर्वांत वरच्या पायरीकडे बघ. तुमच्यात नवीन आलेल्या बायकांना हिब्रू फॉर्म भरता येत नाहीत, म्हणून हक्काचे पैसेही मागता येत नाहीत, असं तूच म्हणाली होतीस. आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांच्याजवळ बस. मला टाइपिंग शिकवणाऱ्या बाईंनी मला आयुष्यभरात एक रुपया दिला नाही, पण माझा पहिला पगार त्यांच्यामुळेच आला.

त्या विधवा बाई पुढे गेल्या, आठ-दहा वर्षांपूर्वी. मी दफनाला गेले होते. मुलगी भेटली, तिची सासूही. कुणी काही बोललं नाही, मीही नाही. माफी मागायला मी कितीदा त्यांच्या जिन्यापर्यंत जाऊन परत आले होते, ते मुलीला सांगावंसं वाटलं. पण मग तिला ते तीनशे रुपये पुन्हा आठवले असते.

असो. पप्पांचा गुडघा बरा आहे, पण ते जिना चढताना मुद्दाम कण्हतात. जावईबापूंना आणि पिल्लांना गोड पापा. पुढच्या आठवड्यात इथून एक कुटुंब यायचंय तिकडे, त्यांच्याबरोबर दोन किलो कोकम आणि चिकाच्या हलव्याचा डबा पाठवतेय. हलवा तुमच्यासाठी. कोकम मंडळात ठेव, ज्यांना हवं त्या घेतील. कुणी किती नेलं ते मला कळवू नकोस.

तुझी,
आई