दिव्यांग कल्याण मंत्र्यांना खुले पत्र: ती सोय बंद का ठेवली?

मा. मंत्री महोदय,
सादर नमस्कार.

गेल्या आठवड्यात लिपिक-टंकलेखक पदाची टंकलेखन चाचणी दिली. अर्जात मी 'स्टिकी कीज हवी' असं लिहिलं होतं (शिफ्टसारखी कळ धरून न ठेवता नुसती दाबून सोडता येते, ती विंडोजमधली सोय), होकारही आला होता. केंद्रावर गेलो तर सोय बंद. शिफ्ट पाच वेळा दाबली की विंडोज स्वतःहून विचारतं, सुरू करू का? तेसुद्धा बंद करून ठेवलेलं. पर्यवेक्षक म्हणाले, "सगळ्यांना एकच सेटिंग. तुम्हाला वेगळं दिलं तर बाकीचे तक्रार करतील."

सातवीत असताना कडबाकुट्टीत माझा उजवा हात कोपराखाली गेला. टायपिंग डाव्या हाताने शिकलो. मराठी टायपिंगच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर ख, घ, थ, ध, फ, श, ण, ळ, सगळ्यांना शिफ्ट लागते. 'शाळा' लिहायचं तर दोनदा. तुम्ही एका हाताने शिफ्ट धरता, दुसऱ्याने अक्षर दाबता. मी काय करू? स्टिकी कीज सुरू असेल तर शिफ्ट दाबून सोडायची, मग अक्षर दाबायचं. घरी असंच टाइप करून मिनिटाला 30 शब्द होतात. केंद्रावर मनगट पिळून पिळून बोटं आखडली, 'घर'चं 'गर' होत गेलं, वेळ संपली. अपात्र.

मी वेगात सूट मागितलेली नाही. ही सोय विंडोज 95 पासून आहे. ना निविदा, ना अनुदान. कुणीतरी मुद्दाम बंद केली म्हणून ती नव्हती, आणि त्या कुणाला साधा जाबही विचारला जाणार नाही, हे मला ठाऊक आहे.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं कलम 3 सांगतं की दिव्यांगांना लागणारी वाजवी सोय मिळेल हे सरकारने पाहायचं. सुगम्यतेचे नियम नुसते सल्ल्यासारखे नकोत, बंधनकारक करा, असं सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 ला बजावलं, तीन महिने दिले. 30 एप्रिल 2025 ला त्याच न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. दिव्यांगांसाठी स्वतंत्र खातं काढणारं पहिलं राज्य म्हणून 2022 मध्ये महाराष्ट्राचा केवढा गाजावाजा झाला! दर 3 डिसेंबरला, दिव्यांग दिनी, सत्कार होतात, फोटो निघतात. 4 टक्के आरक्षण कागदावर द्यायचं आणि परीक्षेच्या दारातच उमेदवाराला गाळायचं, मग म्हणायचं पात्र उमेदवार मिळत नाहीत. देशात 2.68 कोटी दिव्यांग, हा आकडाही 2011 चा. आम्ही मोजण्यातही मागे, नेमण्यातही मागे. हात नसलेला माणूस ऑफिसात काय करणार, हेच तुमच्या यंत्रणेच्या मनात आहे. स्पष्ट बोला तरी.

सर्व परीक्षा केंद्रांना लेखी आदेश द्या: स्टिकी कीज, फिल्टर कीज (चुकून दाबल्या गेलेल्या कळा न धरणारी सोय), माउस कीज (कळफलकावरून माउस हलवायची सोय) चालू ठेवा, उमेदवाराला आदल्या दिवशी मशीन तपासू द्या. नकार देणाऱ्याकडून कारण सहीनिशी घ्या. आणि माझी चाचणी पुन्हा घ्या. उत्तर लेखी द्या, तारखेसह.

आपला,
एक उमेदवार, जि. सांगली