आमची माती कुठे टाकलीत?

माननीय मंत्रिमहोदय,

स. न. वि. वि.

मंगळवारी सकाळी, आम्ही जिथं भाजी पिकवायला शिकतो त्या बागेवर जेसीबी फिरला. दुपारपर्यंत १८ वाफे गेले. वाहनतळ करायचाय म्हणे. दोन वर्षांपूर्वी याच जागेत उभे राहून 'पाच वर्षं इथं कुणी हात लावणार नाही' असं तुम्हीच सांगितलं होतंत. तुमच्या हातचं वांग्याचं रोप मी जगवलं होतं.

'भरपाई कसली? भाजीच तर होती,' असं तुमचे अधिकारी म्हणाले. साहेब, मी मातीबद्दल बोलते आहे. जागा मिळाली तेव्हा कुदळ मारली की विटांचे तुकडे निघायचे. पहिल्या वर्षी मी कच्चं शेण घातलं, रोपं जळाली. मग शिकले. खताचा ढीग लावताना ओल्या कचऱ्याच्या दुप्पट-तिप्पट सुका पाला घालायचा. ढीग आतून ५५-६० अंशांवर काही दिवस राहिला की तणाचं बी मरतं. घाण वास आला तर हवा कमी पडतेय, ढीग उलथायचा. पानांवर माव्याची कीड दिसली की लगेच फवारायचं नाही, तिला खाणारे ढालकिडे येऊ द्यायचे. दुसऱ्या पावसाळ्यात गांडुळं दिसली तेव्हा मी रडले. नवरा गेल्यापासून घरात धड स्वयंपाक होत नव्हता. इथला पालक खुडून नेला, त्या रात्री दोन घास गोड लागले. ती काळीभोर माती तुमच्या ठेकेदारानं राडारोडा म्हणून डंपरमध्ये भरली!

कुठल्याही शहरात हेच. घरातला ओला कचरा पैसे मोजून कचराभूमीवर न्यायचा, तिथं तो हवेविना कुजून मिथेन सोडणार, आगी लागणार. भाजी मात्र शेकडो किलोमीटरवरून आणायची. १९९१मध्ये सोव्हिएत संघ कोसळला, क्यूबाला खत-इंधन मिळेना, तेव्हा हवानात लोकांनी मोकळ्या जागांवर वाफे घातले आणि सरकारनं त्यांना साथ दिली. आम्ही तर पैसाही मागितला नव्हता. पण तुमच्या खात्याच्या नकाशात गाडीला रंग आहे, इमारतीला रंग आहे, वाफ्याला नाही. गाडी उभी करायला जागा निघते, माणसांनी खायला पिकवायचं म्हटलं की जागा 'मोकळी' ठरते. मतं मागायला याल तेव्हा हे सगळं तोंडावर विचारीन.

काँक्रीट अजून पडलेलं नाही. काम थांबवा आणि पाच वर्षांचा शब्द लेखी द्या. त्याआधी डंपर कुठे रिकामे झाले ते आजच विचारून घ्या. पावसाआधी माती झाकली तर ती अजून वाचेल. झाकायला आम्ही येतो.

आपली,
त्या बागेतली एक विद्यार्थिनी