जनसुनावणीची तारीख पंचांग पाहून ठरवा

किनाऱ्यावरच्या प्रकल्पांच्या पर्यावरणीय आघात अहवालात मच्छीमार सहसा होड्या आणि परवान्यांवरून मोजले जातात. ओहोटीला खाडीत उतरून शिवल्या, कालवं असे शिंपले काढणाऱ्या बायकांकडे यातलं काहीच नसतं. मग भराव पडला की त्यांचं बुडणारं उत्पन्न कागदावर शून्य! कोयतीने कालवं सोडवायचा खडक तर नकाशात ‘पडीक’च दिसतो.

केंद्राच्या २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार प्रकल्पावर लोकांचं म्हणणं ऐकणाऱ्या जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी वृत्तपत्रांत द्यावी लागते. मात्र गणसंख्येची अट नाही. एकही बाई आली नाही तरी सुनावणी वैध. त्यात अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासची तारीख धरली तर संपलंच. उधाणाच्या त्या दिवसांत पाणी सर्वात लांब ओसरतं, म्हणजे ऐन कमाईचे दिवस. त्यापेक्षा अष्टमीच्या सुमारास, भांगाला म्हणजे पाणी सर्वात कमी ओसरतं तेव्हा सुनावणी ठेवावी.

कॅनडाच्या २०१९ च्या कायद्यात लिंगभाव आणि इतर सामाजिक ओळखींचा एकत्रित विचार मूल्यांकनात करावाच लागतो. आपल्याकडे निदान सर्वेक्षणाच्या तक्त्यात ‘कुटुंबप्रमुखाचा व्यवसाय’ या एका रकान्याऐवजी घरातल्या प्रत्येक प्रौढाचं काम, जागा आणि हंगाम नोंदवावा. तोही ओहोटीच्या वेळी, खाडीवर जाऊन; दुपारी घरी प्रश्नावली नेली की उत्तरं पुरुषच देतात.

— एक वाचक, रत्नागिरी